कोठीत गेल्यावरचा गहू : प्रस्तावना

एप्रिल-मे महिन्यांत बजाजनगरात गव्हाची पोती उतरतात. गंगापूर, वैजापूर, पैठण, सिल्लोड, पलीकडे जालना, बीड, परभणी, बुलढाणा; ज्या भागांतून माणसे वाळूजच्या कारखान्यांत कामाला आली, तिकडूनच त्यांचा गहूही येतो. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने आजूबाजूला उभे राहिले आणि वडगाव कोल्हाटीच्या शिवारात कामगारांची ही वसाहत वाढत गेली. गाव मागे राहिले, शेत भावाच्या हाती गेले, तरी वर्षाचे धान्य उन्हाळ्यात एकदाच भरून ठेवायची रीत बहुतेकांनी सोडली नाही. ज्यांच्या घरी पिकत नाही ते लासूर स्टेशनच्या किंवा जाधववाडीच्या बाजारातून दोन-अडीच क्विंटल उचलतात. त्यात जपून ठेवलेला बोनस असतो, कंपनीतली उचल असते, कधी पतसंस्थेचे कर्जही असते. मग दोन खोल्यांच्या घरात ओट्याशेजारी किंवा पलंगाच्या पायथ्याशी पत्र्याची कोठी भरली जाते आणि झाकण लागते.

या पुस्तिकेचा विषय झाकण लागल्यानंतर सुरू होतो. शेतातल्या गव्हाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते: पेरणी कधी करावी, पाण्याच्या पाळ्या किती, तांबेरा आला तर काय, एकरी उतारा किती. कोठीतल्या गव्हाबद्दल बोलते ती फक्त घरातली बाई, आणि तेही श्रावणात झाकण उघडल्यावर हाताला पीठ लागते तेव्हा. मग सुपात पाखडणे, चाळणे, उन्हात टाकणे, पुन्हा निवडणे. नवरा सेकंड शिफ्टला, मुले शाळेत, आणि ती गच्चीवर गव्हाशेजारी बसलेली. या श्रमाची कुठेही नोंद होत नाही. पीक हाताशी आल्यावर, मळणी होऊन, पैसे मोजून, घरात आल्यावर जे नासते ते सर्वांत महाग नासते, आणि त्याचा भार जिच्यावर पडतो तिला आजवर फार थोडी माहिती पुरवली गेली आहे. म्हणून ही पुस्तिका महत्त्वाची.

शेजारच्या दोन घरांत सारख्याच कोठ्या, सारखाच लिंबाचा पाला, भरण्याचा दिवसही एकच; तरी एका घरचा गहू दिवाळीपर्यंत स्वच्छ राहतो आणि दुसऱ्या घरी राखीपौर्णिमेलाच सोंडे फिरू लागतात. याला कारणे अनेक असतात. गहू किती वाळला होता, पोते जुने होते का, खोलीचा पत्रा किती तापतो. पण एक कारण असे आहे की ज्याचा विचार आपण जवळजवळ करत नाही: गहू कोणत्या वाणाचा आहे. काही वाणांत कीड वेगाने वाढते, काहींत रेंगाळते. ही वाणाची अंगभूत गोष्ट आहे आणि ती मोजता येते. पुढील पानांचा गाभा हाच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर वाचकाच्या अपेक्षा भलत्याच होतील. कीड लागतच नाही असा गहू नाही. प्रतिकारक वाण म्हणजे कीड ज्यात हळू वाढते तो वाण. त्यातून आपल्याला मिळतो तो वेळ: काही आठवडे, कधी एक-दोन महिने. उन्हाळ्यात भरलेल्या आणि पुढच्या होळीपर्यंत पुरवायच्या गव्हाला मात्र एवढ्या वेळाची किंमत फार मोठी आहे.

गव्हाला कीड लागली असे आपण सरसकट म्हणतो, पण कोठीत राहणाऱ्या किडी निरनिराळ्या आणि त्यांच्या खोडीही निरनिराळ्या. सर्वांच्या ओळखीचा तो सोंडा. काही घरांत त्याला पोरकिडा म्हणतात. सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि भोकाचे तोंड चिकट स्रावाने बुजवून टाकते. बाहेरून दाणा अखंड दिसतो. अळी आतच जन्मते, आतला पिठूळ भाग खात वाढते, आतच कोष करते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि दमट हवा मिळाली की साधारण महिन्याभरात नवा सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आयुष्यभरात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. आपल्याला फिरताना दिसणारे सोंडे म्हणजे कुटुंबातला लहानसा हिस्सा. बाकी सगळे दाण्यांच्या आत असते. म्हणूनच चाळून काढलेला गहू दहा-पंधरा दिवसांत पुन्हा भरलेला दिसतो आणि बाईला वाटते की आपले चाळणे कमी पडले. चाळणे कमी पडलेले नसते. चाळणीला आतली अळी दिसत नाही, एवढेच.

दुसरा आहे दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा, गडद तपकिरी, डोके खाली वळलेले. हा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. जबडे त्याच जातीचे. याची मादी अंडी दाण्यांच्या मधे सुटी घालते आणि अंड्यातून निघालेली बारीक अळी दाण्यात शिरते. सोंड्याला गहू थोडा ओलसर लागतो, हा मात्र चांगल्या वाळलेल्या गव्हातही तग धरतो. कोठीच्या तळाशी पिठाचा थर आणि गोडसर, कोंदट वास आला की बहुधा काम याचे असते. तिसरा खपरा. कोरड्या आणि उष्ण हवेचा हा किडा, त्यामुळे मराठवाड्याचा उन्हाळा त्याला मानवतो. त्याची केसाळ अळीच काय ते नुकसान करते. पूर्ण वाढलेला भुंगेरा जवळजवळ काही खात नाही. ही अळी खायला नसले तर विटांच्या फटीत, पोत्याच्या शिवणीत निपचित पडून वर्षानुवर्षे जगू शकते. जगातल्या अनेक देशांनी ती ज्या मालात सापडेल तो माल बंदरावरून परत पाठवायचे नियम केले आहेत, इतकी तिची धास्ती आहे. पीठ आणि फुटका दाणा खाणारा तांबडा भुंगेरा अखंड गव्हाला फारसे काही करू शकत नाही. तो इतरांनी फोडलेल्या दाण्यांमागून येतो. धान्यावरचा पतंगही आहे. त्याची अळी दाण्याच्या आत राहते, पण पतंग ढिगाच्या वरच्या थरापुरताच उपद्रव करतो.

हे सगळे तपशिलाने सांगायचे कारण असे की, प्रतिकार नेहमी अमुक किडीविरुद्ध असतो. सोंड्याला जड जाणारा वाण खपऱ्यालाही जड जाईल याची हमी नाही. खपरा दाण्याच्या अंकुराकडचा मऊ भाग आधी खातो. सोंड्याला आत शिरण्यासाठी टरफल आणि त्याखालचा थर फोडावा लागतो. प्रत्येकाचे दार वेगळे. एखाद्या वाणाला नुसते ‘कीड लागत नाही’ असे कोणी म्हणाले तर वाचकाने विचारावे, कोणती कीड?

दाण्यातले संरक्षण कुठे असते? सर्वांत उघड उदाहरण आपल्या घरचे आहे. खपली गहू, जो सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या कृष्णाकाठच्या पट्ट्यात पूर्वापार होतो, मळला तरी त्याचा दाणा टरफलातून सुटत नाही. तो कांडावा, सडावा लागतो. साध्या गव्हाचा दाणा मळणीत उघडा पडतो, खपलीचा मात्र अंगावरच्या घट्ट आवरणासकट पोत्यात जातो. आवरण धड असेपर्यंत किडीला दाण्यापर्यंत पोचणे कठीण होते. तांदळापेक्षा भात जास्त टिकते त्याचेही कारण हेच. जुन्या घरांत खपली टरफलासकट साठवून लागेल तशी सडून घेत, त्यामागे चवीचा विचार असेल तसा टिकण्याचाही होता. आज बाजारात मिळते ती खपली बहुतेक सडलेली, पॉलिश केलेली असते. तिचे चिलखत काढूनच ती आपल्याकडे येते, आणि मग खपली असूनही कीड लागली म्हणून गिऱ्हाईक चकित होते.

खपलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२२ साली अमेरिकेत ई. सी. स्टॅकमन आणि एम. एन. लेव्हिन यांनी गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी गव्हाच्या १२ वाणांचा एक संच ठरवला. तांबेऱ्याचा नमुना या बारांवर टोचायचा आणि कोणावर किती रोग उठतो त्यावरून त्याचा प्रकार ठरवायचा, अशी ती पद्धत. त्या बारांत खपली होती, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती याच नावाने पोचली. आपल्या महाबळेश्वरालाही गव्हाच्या तांबेऱ्यावर, म्हणजे गेरव्यावर, काम करणारे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. शेतातल्या एका रोगाविरुद्ध जगाने शंभर वर्षे इतकी शिस्तीने तपासणी उभी केली, वाणामागून वाण त्या कसोटीतून गेला. त्या तोडीची शिस्त कोठीतल्या किडीच्या वाट्याला आली असती तर आज आपल्याला किती माहिती असती!

टरफल नसलेल्या गव्हात संरक्षण दाण्याच्या घडणीत असते. कठीण, काचेसारखा तुकतुकीत दाणा किडीला फोडायला त्रासाचा पडतो. मऊ, पिठूळ दाण्यात अळी लवकर वाढते. बन्सी गहू, ज्याचा रवा आणि शेवया होतात, तो सर्वसाधारणपणे कठीण दाण्याचा, आणि बऱ्याच चाचण्यांत त्याच्यात सोंड्याची पिलावळ कमी निघालेली दिसते. तरी कठीणपणा म्हणजेच प्रतिकार असे समीकरण मांडता येत नाही, कारण कठीण दाण्याचे काही वाणही किडीला बळी पडतात. दाण्याचा आकारही पाहावा लागतो. मोठा दाणा आपल्याला बाजारात आवडतो, तळहातावर घेऊन आपण तो कौतुकाने पाहतो. सोंड्याच्या मादीलाही मोठा दाणा सोयीचा, कारण आत अळीला जागा आणि खाणे भरपूर. कोंड्याच्या थरातली फेनॉलवर्गीय द्रव्ये काही किडींना मानवत नाहीत. शिवाय गव्हात अशी प्रथिने असतात जी किडीच्या पोटातल्या अमायलेज या पाचकरसाला अडवतात. अळीने पिष्ट खाल्ले तरी ते तिला पुरते पचत नाही. ती खुरटते, उशिरा मोठी होते. ही प्रथिने वाढवावीत असा विचार शास्त्रज्ञांनी पूर्वीपासून केला आहे, पण त्यांतली काही माणसाच्या पाचकरसालाही अडवतात आणि पिठाच्या धुळीत काम करणाऱ्या काहींना त्यांमुळे दमा होतो. म्हणजे किडीला नकोसा गहू बनवताना तो माणसालाही नकोसा होणार नाही, हे पाहावेच लागते.

अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ मध्ये पिकांच्या प्रतिकारावर लिहिलेल्या ग्रंथात प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात कीड त्या वाणाकडे फिरकत नाही किंवा त्यावर अंडी कमी घालते. दुसऱ्यात ती फिरकते, खाते, पण तिची वाढ बिघडते. तिसऱ्यात कीड नुकसान करते आणि झाड ते सोसून पुन्हा फुटते. शेतकऱ्याला तिसरा प्रकार चांगला ठाऊक आहे; खोडकिडीने पोंगा खाल्ला तरी ज्वारीला बगलफुटवे येतात. पण साठवलेल्या दाण्याला हा तिसरा मार्गच उरलेला नसतो. तो फुटत नाही, वाढत नाही, खाल्लेले भरून काढत नाही. म्हणून कोठीतल्या गव्हाची भिस्त पहिल्या दोन प्रकारांवरच राहते आणि शेतातल्या प्रतिकाराची गृहीतके इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

हे मोजतात कसे? फिलिप डोबी यांनी १९७४ मध्ये मक्याच्या वाणांसाठी एक निर्देशांक सुचवला. तो पुढे गव्हासह इतर धान्यांनाही वापरला जाऊ लागला. ठरावीक वजनाच्या गव्हात ठरावीक सोंडे सोडायचे, अंडी घालायला काही दिवस द्यायचे, मग ते काढून टाकायचे. पुढे नवे सोंडे किती निघाले आणि त्यांतले निम्मे निघायला किती दिवस लागले, हे मोजायचे. नव्या सोंड्यांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, दिवसांनी भागायचा आणि शंभराने गुणायचे. समजा एका वाणात १०० सोंडे निघाले आणि त्यांतले निम्मे निघायला ३० दिवस लागले, तर निर्देशांक १५ च्या थोडा वर येतो. दुसऱ्यात २० निघाले आणि निम्मे निघायला ४० दिवस लागले, तर साडेसातच्या आसपास. आकडा लहान तितका वाण प्रतिकारक. या मोजमापात दोन गोष्टी एकत्र येतात, पिलावळ किती आणि वेग किती, आणि घरच्या कोठीत नेमके याच दोन गोष्टींनी नशीब ठरते.

कागदावरचा हिशेब करून पाहू. एका वाणात कीड दर ३० दिवसांनी दसपट होते असे धरले, तर १५० दिवसांत तिच्या पाच पिढ्या होतात आणि एकाचे एक लाख होतात. दुसऱ्या वाणात ती ४० दिवसांनी पाचपट होते असे धरले, तर त्याच १५० दिवसांत तीनच पिढ्या पुऱ्या होतात आणि एकाचे १२५ होतात. प्रत्यक्षात इतके सरळ काही घडत नाही. दाणे संपतात, गर्दी होते, किडी मरतात. पण पिढीमागे थोडासा वाटणारा फरक पावसाळ्याच्या शेवटी कुठे जाऊन पोचतो, हे यातून दिसते. जून ते दिवाळी हा काळ साधारण इतकाच असतो.

आता प्रश्न असा येतो की, इतके सगळे असताना वाणाच्या ओळखीत हा गुण का सांगितला जात नाही? महाराष्ट्रात गव्हाच्या वाणांवर मोठे काम झाले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड येथील केंद्राने त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी, नेत्रावती, फुले समाधान असे वाण दिले. पुण्यात १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली; तीच आजची आघारकर संशोधन संस्था, आणि तिच्या वाणांच्या नावात अजूनही एमएसीएस ही अक्षरे असतात. या वाणांच्या माहितीत उत्पादन, तांबेऱ्याचा प्रतिकार, पक्व होण्याचे दिवस, प्रथिने, चपातीची प्रत अशा गोष्टी सविस्तर वाचायला मिळतात. साठवणीत सोंडा किती वेगाने वाढतो, याची ओळ मला क्वचितच दिसते. मला यात कोणाचा दोष काढायचा नाही. वाण निवडणाऱ्याकडे येणारी मागणी शेतकऱ्याची असते आणि शेतकऱ्याची मागणी उताऱ्याची असते. कोठी सांभाळणाऱ्या बाईची मागणी त्या केंद्रापर्यंत पोचलेलीच नाही. ती पोचावी, असे मला मनापासून वाटते. १९७२ पासून परभणीला आपले कृषी विद्यापीठ आहे, वाळूज त्याच्या कार्यक्षेत्रात येते. नव्या वाणाच्या शिफारशीत डोबीच्या निर्देशांकाचा एक आकडा छापायला फारसा खर्च येत नाही.

बाजाराची अडचण वेगळी. दुकानात वाण मिळत नाही, नाव मिळते. ‘लोकवन’ म्हणून मिळणारा गहू मूळचा लोक-१, भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत निवडलेला. त्याचा भरदार दाणा लोकप्रिय झाला आणि मग तसा दिसणारा कोणताही गहू त्याच नावाने विकला जाऊ लागला. ‘शरबती’ म्हणजे मध्य प्रदेशातल्या सिहोरकडचा गहू, अशी ख्याती आहे. त्यात पुष्कळदा सी-३०६ हा १९६० च्या दशकातला जुना वाण असतो, पण पोत्यावर ते लिहिलेले नसते. त्यामुळे वाण पाहून गहू घेणे आज फक्त त्यालाच शक्य आहे, ज्याचा गहू ओळखीच्या शेतातून येतो. बजाजनगरात अशी घरे पुष्कळ आहेत, आणि मोठ्या शहरांतल्या वसाहतींपेक्षा इथल्या माणसाला हा फायदा जास्त आहे. भावाला, मेहुण्याला नोव्हेंबरात पेरताना बियाण्याच्या पिशवीवरचे नाव विचारता येते.

वाण कितीही चांगला असला तरी घर त्याला हरवू शकते. पत्र्याच्या छताखालची खोली, शेजारी स्वयंपाक, भिंतीला टेकलेली कोठी. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की गहू आपोआप वाळतो. ऑगस्टात हवेतली आर्द्रता चढते आणि सैल झाकणाच्या कोठीतला गहू ती ओढून घेतो; ७० टक्के आर्द्रतेत तो साडेतेरा टक्के ओलाव्याच्या आसपास स्थिरावतो. साठवणीला १० ते १२ टक्के ओलावा योग्य. त्यावर गेला की सोंड्याला हवे ते मिळाले. दाताखाली दाणा कट्कन फुटला तर वाळला, चेपला तर नाही, ही जुनी परीक्षा आजही विश्वासाची आहे. उन्हात टाकलेला गहू निवल्यावरच भरावा. गरम भरला तर रात्री आत दव धरते. उशिरा पेरलेला गहू मार्चच्या उन्हात चिरमटतो, मळणीयंत्र घट्ट लावले तर दाणे फुटतात, आणि चिरमटलेला, फुटका दाणा सगळ्याच किडींना सोपा. तो आधी चाळून दळणाला लावावा.

रेशनचा गहू आणि गावचा गहू एका कोठीत ओतू नये, ही या पुस्तिकेतली सूचना मला सर्वांत उपयोगी वाटते. रेशनचा गहू लांबच्या गोदामांतून, अनेक हातांतून येतो; त्यात दडलेली अंडी वरून दिसत नाहीत. तो वेगळा ठेवावा आणि आधी संपवावा. तसेच बारदान. गावाकडून आलेले पोते परत जाते, पुन्हा भरून येते, आणि त्याच्या शिवणीतला खपरा मुक्कामाला राहतो. उकळत्या पाण्यात बुडवून, कडक उन्हात वाळवून मगच ते वापरावे. औद्योगिक वसाहतीत रसायनांचे जुने ड्रम स्वस्तात मिळतात. किती धुतले तरी त्यांत खायचे धान्य भरू नये.

आता गोळ्यांबद्दल. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. गोदामात, पूर्ण बंदिस्त करून, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली हा वायू वापरतात. दोन खोल्यांच्या घरात, जिथे कोठीपासून हातभर अंतरावर लेकरे झोपतात, तिथे ती गोळी टाकणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. सैल झाकणातून वायू खोलीत येतो. या वायूवर उतारा नाही. कुणी ओळखीने आणून दिली, शेजाऱ्याने टाकली होती, काही झाले नाही, या बोलण्यावर कृपा करून विसंबू नका. आणि त्या गोळीने कीडही पुरती मरत नाही. अर्धवट वायूत वाचलेल्या किडींची पुढची पिढी चिवट होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभरातून किडींचे नमुने तपासले तेव्हाच सुमारे दहा टक्के नमुन्यांत फॉस्फिनला दाद न देणारे किडे सापडले होते, आणि त्यानंतर भारतातही असे चिवट किडे आढळले आहेत. औषध जसजसे निकामी होत जाते, तसतशी वाणाच्या अंगच्या प्रतिकाराची गरज वाढते. या विषयाकडे आज नव्याने पाहायला हवे ते यासाठी.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या टिकड्या पुष्कळ घरांत दिसतात. खायच्या धान्यात दोन्ही नकोत. एरंडेल तेल चोळण्याची आपली पद्धत मात्र खरोखर गुणाची आहे: दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की बाहेर घातलेल्या अंड्याला हवा मिळत नाही आणि नव्या अळीला आत शिरता येत नाही. लिंबाच्या वाळल्या पाल्याचा उपयोग लोक मानतात तेवढा नसतो. लिंबाचे कीडनाशक द्रव्य मुख्यतः निंबोळीत असते. बियाण्यासाठी ठेवलेल्या गव्हाला निंबोळीची पूड चालेल, खायच्या गव्हाला ती कडू करील. चाळलेली बारीक राख किडीच्या अंगावरचा मेणचट थर घासून काढते आणि दाण्यांमधल्या फटी बुजवते, पण दोन क्विंटलला पुरेल इतकी राख आता गॅसच्या घरात कुठून येणार?

हवाबंद साठवणीचे तत्त्व आपल्या पूर्वजांना माहीत होते. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जमिनीत पेव खणून त्यात ज्वारी ठेवत. तोंड लिंपले की आतले धान्य आणि किडी मिळून प्राणवायू संपवत आणि किडी मरत. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत, कारण आतली हवा माणसालाही मारू शकते. आज खाद्यपदार्थांसाठी बनवलेला, रबरी कडी असलेला पिंप काठोकाठ भरून घट्ट बंद केला तर तेच काम होते. पिंप अर्धा रिकामा ठेवू नये आणि रोज उघडू नये. महिन्याचा गहू बाहेर काढून वेगळ्या डब्यात ठेवावा.

नुकसान किती होते, याचे दोन आकडे इथे नोंदवतो. साठच्या दशकात केंद्र सरकारच्या पानसे समितीने अन्नधान्याचे काढणीनंतरचे नुकसान ९.३३ टक्के धरले. त्यात किडींचा वाटा २.५५ टक्के होता, उंदरांपेक्षाही किंचित जास्त. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५ च्या अहवालात तृणधान्यांचे एकूण नुकसान ४.६५ ते ५.९९ टक्क्यांदरम्यान आले. सुधारणा झाली आहे. पण हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, आणि ज्या घरात सगळा गहू एकाच कोठीत असतो त्या घराला सरासरीचा दिलासा मिळत नाही. शिवाय वजनातली घट हा नुकसानीचा एक भाग झाला. किडीच्या विष्ठेतून गव्हात युरिक आम्ल साठते. अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. घरच्या कोठीत ते कोणी मोजत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी घरी करता येईल अशी एक चाचणी दिली आहे. शाळांनी ती जरूर करावी. इथल्या शाळांत निरनिराळ्या तालुक्यांतली मुले एका वर्गात बसतात, तेव्हा निरनिराळ्या गावचा गहू गोळा करणे सोपे जाईल. प्रत्येक वाणाचा पाव किलो गहू घ्यावा, आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे आत दडलेली कीड मरते. मग काही दिवस एकाच खोलीत फडक्याखाली पसरून ठेवावा, म्हणजे सगळ्यांचा ओलावा सारखा होतो. सारख्या काचेच्या बरण्यांत भरून प्रत्येकीत वीस सोंडे सोडावेत, तोंडाला कापड बांधावे, दहा दिवसांनी ते सोंडे चाळून काढावेत. पंचविसाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी नवे सोंडे मोजून बाहेर काढावेत आणि वहीत लिहावेत. एका वाणाच्या निदान तीन बरण्या हव्यात, नाहीतर एखाद्या बरणीत माद्या जास्त पडल्याने निकाल फसवा निघतो. बरणीवर वाणाचे नाव, गाव, पेरणीचा आणि काढणीचा महिना, बियाणे विकतचे की घरचे, आणि गव्हाला आधी तेल किंवा पावडर लावली होती का, हे लिहावे. एवढी नोंद नीट ठेवली, तर तो कागद निफाडच्या किंवा परभणीच्या संशोधकासमोर ठेवण्याजोगा होईल.